एकाच साच्यातून किती आवृत्त्या काढाव्यात? – मालिकेतल्या पात्राची फिगर, सल्ला हवा आहे

भोसरीचा_साचेकर | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी.

दोन-तीन वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. भोसरी एमआयडीसीत टूलरूमला आहे, सोळा वर्षं झाली. दिवसभर गाड्यांच्या भागांचे साचे आणि रात्री घरी पोटमाळ्यावर फिगर, म्हणजे पात्रांच्या छोट्या मूर्ती. आजवर जे केलं ते स्वतःपुरतं किंवा मित्रांना द्यायला. आता पहिल्यांदाच विकायला काढतोय, रीतसर परवाना घेऊन.

एका मराठी मालिकेतलं पात्र आहे. जाहीर करायची तारीख अजून ठरायची आहे, तोवर करारामुळे मालिकेचं नाव सांगता येत नाही. जुन्या वाड्याचा राखणदार. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, उजव्या हातात कंदील. उंची सहा इंच. परवाना ३०० नगांचा. किमान रॉयल्टी आधीच भरून झालीय, म्हणजे माल पडून राहिला तरी ते पैसे गेले.

माझा भागीदार विक्री बघतो. त्याची मांडणी अशी: १५० साधे, ९० 'रात्रीचे' म्हणून निळसर रंगात, ४० 'दगडी' म्हणून सगळे करडे, आणि २० सोनेरी. सोनेरी किती आहेत ते सांगायचं नाही, बंद खोक्यांतून कुठेही मिसळून टाकायचे. मूर्ती तीच, रंग वेगळे. त्याचं म्हणणं, सगळीकडे असंच चालतं.

चालतं हे मलाही माहीत आहे, आणि का चालतं तेही. पोलादी साचा सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) कोरायचा, बारीक कोपऱ्यांना स्पार्क मारायचा, म्हणजे विजेच्या ठिणगीने पोलाद झिजवायचं, मग हाताने पॉलिश. एका फिगरचे पाच-सहा भाग धरले तर खर्च लाखांत जातो. पण तो साचा एकदा मशीनवर चढला की लाखभर नग काढले तरी त्याचं काही बिघडत नाही. एवढा पैसा घातलेला साचा मग एकाच रंगात का राबवायचा? प्लास्टिकच्या दाण्याचा रंग बदलला, डोकं दुसरं बसवलं, की नवं पात्र तयार. ह्यात मला काही गैर वाटत नाही.

माझं अडतंय ते त्या वीस सोनेऱ्यांपाशी. जाणकारांनी मोकळेपणी सांगावं.

---

किल्लेकरी | सोमवार, रात्री ११:५८

दादा, आधी अभिनंदन. परवाना घेऊन काम करताय ह्याचंच कौतुक.

मला पहिली आठवण आली ती दिवाळीच्या किल्ल्याची. लहानपणी आम्ही कसब्यात राहायचो. वसुबारसेच्या आधी कुंभारवाड्यात चित्रं आणायला जायचं. भाला घेतलेला मावळा सगळ्या टोपल्यांत एकाच साच्यातला असायचा, नाकावरची रेघसुद्धा तीच. पण अंगरखा कुणाचा लाल, कुणाचा हिरवा, कुणाचा पांढरा. आम्ही तिघं भावंडं रंगावरून भांडायचो. धाकट्याचा हट्ट असायचा की दरवाज्यावरचे दोघे हिरवेच हवेत.

म्हणजे एका साच्यातून चार रंग ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. फरक एवढाच की कुंभारकाकू सगळी चित्रं पोत्यावर मांडून बसायच्या. हिरवे किती उरलेत ते दिसायचं. झाकलेलं काही नव्हतं.

---

जुनाखेळ | मंगळवार, सकाळी ७:१५

माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे लांब लिहिणार आहे.

एका साच्यातून अनेक पात्रं ह्याचा सगळ्यात मोठा धडा म्हणजे ही-मॅन. मॅटेलने खेळणी १९८२ मध्ये आणली, फिल्मेशनची टीव्ही मालिका १९८३ ला आली. आपण ती दूरदर्शनवर बघितली. मालिकेत पात्रं ढिगाने, आणि खेळण्यांत धड, हात, पाय ठरावीक. ही-मॅनचा हिरवा वाघ बॅटल कॅट तर त्या मालिकेसाठी घडवलेलाच नव्हता. मॅटेलच्या आधीच्या 'बिग जिम' खेळण्यांतला वाघाचा साचा पडून होता, तो उचलला, हिरवा रंगवला, खोगीर चढवलं. पुढे तोच वाघ जांभळा झाला आणि खलनायक स्केलेटॉरचा पँथर झाला.

१९८५ चा स्टिंकोर बघा. डोकं मर-मॅनचं, छातीवरचं चिलखत मेकानेकचं, रंग काळा-पांढरा, आणि प्लास्टिकमध्येच एक उग्र वास घातलेला. त्याच वर्षीचा मॉस मॅन म्हणजे बीस्ट मॅनच्या अंगावर हिरवी लव चिकटवलेली आणि पाइनच्या झाडाचा वास. दोन्ही फिगर जुन्याच साच्यांतल्या. पण कुणीतरी टेबलापाशी बसून विचार केला की हा रंग का, ह्याला काय निराळं द्यायचं. मुलाने खोकं फोडलं की वास नाकात जायचा. त्याला फसवलं गेलं असं कधी वाटलं नाही, कारण हातात खरोखरच नवं पात्र आलेलं होतं.

ट्रान्सफॉर्मर्सचंही तेच. हॅसब्रोने १९८४ ला जपानच्या ताकारा कंपनीचे तयार साचे घेतले. विमानाचा साचा एकच. राखाडी तो स्टारस्क्रीम, निळा थंडरक्रॅकर, काळा स्कायवॉर्प. कार्टूनमध्ये तिघांना निराळे स्वभाव दिले, निराळे आवाज दिले, आणि पोरांनी तिन्ही विमानं मागितली.

आता आपल्या देशातली गोष्ट. फनस्कूल १९८७ ला एमआरएफ आणि हॅसब्रो ह्यांच्या भागीदारीतून सुरू झालं, कारखाना गोव्यात. हॅसब्रोचे वापरून झालेले जी.आय. जो ह्या सैनिक-फिगरचे साचे इथे यायचे आणि इथल्या रंगांत नग निघायचे. अमेरिकेत जो सैनिक मातकट हिरवा, तो आपल्याकडे कधी भडक पिवळ्या पट्ट्यांचा, कधी निळ्या बुटांचा. पुढच्या खेपेत पट्टा पुन्हा बदललेला. हे कुणी 'दुर्मीळ आवृत्ती' म्हणून काढलेलं नव्हतं. आज परदेशातले लोक हे भारतीय रंग मुद्दाम शोधतात.

माझ्याकडे असाच एक आहे. मामाने गोव्याहून आणला होता. उजव्या गालावर डोळ्याचा काळा ठिपका जरा खाली घसरलाय, त्यामुळे तो कायम कुणाकडे तरी तिरका बघतोय असं वाटतं. पस्तीस वर्षांत कमरेचं रबर दोनदा बदललं. तो ठिपका मी कुणालाही दुरुस्त करू दिला नाही.

सोनेरीबद्दल संध्याकाळी लिहितो, कामावर निघायचंय.

---

कॅम्पातला_दुकानदार | मंगळवार, दुपारी १:३०

मी दुसरी बाजू मांडतो, कारण ती मांडणारा इथे कुणी दिसत नाही.

माझं छोटं दुकान आहे. साध्या फिगरवर माझं भाडं निघत नाही. ग्राहक पुन्हा दुकानात येतो तो 'ह्या वेळी वेगळं काही आलंय का' हे विचारायला. फंको पॉपचे 'चेस' तुम्हाला माहीत असतील. सहा नगांमागे एक चेस, रंग किंवा चेहरा थोडा वेगळा, खोक्यावर स्टिकर. हे प्रमाण कंपनी जाहीर करते. मी सहाचं खोकं उघडतो तेव्हा काउंटरवर चार मुलं उभी असतात. त्यांचा तो आनंद खोटा नाही, मी रोज बघतो.

शिवाय बाहेरून येणारा माल महागलाय. खेळण्यांवरची आयात ड्युटी फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांची ६० झाली, २०२३ ला ७०. त्यामुळे इथे, पुण्यात, कुणी चांगली फिगर काढत असेल तर मला ती हवीच आहे. आणि तिच्यात एखादी मर्यादित आवृत्ती असेल तर माझ्या दुकानाला आधार होतो.

साचेकर, सोनेरी काढा. फक्त किती आहेत ते खोक्यावर छापा.

---

ट्रेकवेडी | मंगळवार, दुपारी ३:०५

आकडा छापण्याबद्दल दुकानदारांशी सहमत, पण आकडा छापला की प्रश्न सुटला असं नाही. स्टार ट्रेकचं उदाहरण देते.

प्लेमेट्सने १९९२ पासून 'नेक्स्ट जनरेशन'च्या फिगर काढल्या. प्रत्येकीच्या तळपायावर क्रमांक छापलेला असायचा. ही त्यांची फार चांगली पद्धत. मग १९९६ ला त्यांनी दोन फिगर प्रत्येकी फक्त १,७०१ काढल्या: 'टॅपेस्ट्री' भागातला पिकार्ड आणि 'यस्टरडेज एंटरप्राइज'मधली ताशा यार. १७०१ हा एंटरप्राइज यानाचा नोंदणी क्रमांक, म्हणून तो आकडा. बार्कले ह्या पात्राच्या ३,००० काढल्या.

आकडा जाहीर होता, अर्थपूर्णही होता. तरी चाहते भयंकर संतापले. कारण ही माणसं चार वर्षं प्रत्येक पात्र गोळा करत होती. संग्रह पूर्ण करायचा त्यांचा मार्गच कंपनीने बंद केला. सगळ्या जगासाठी १,७०१ म्हणजे काय हो! हौशी मुलाला ती कधीच मिळणार नव्हती, मिळाली ती पेटीभर उचलून चढ्या भावाने विकणाऱ्यांना.

म्हणून माझं मत: जी आवृत्ती म्हणजे मालिकेतला एखादा महत्त्वाचा क्षण आहे, ती मुद्दाम कमी काढू नये. ताशा यारचा तो भाग चाहत्यांच्या काळजाजवळचा होता. तीच नेमकी त्यांच्या हातून काढून घेतली.

---

लेकीचा_बाबा | मंगळवार, रात्री ९:२०

मुलीने वाढदिवसाच्या पैशांतून बंद खोकी घेतली होती, सात. कुठल्या कंपनीची ते महत्त्वाचं नाही. तिला एकच पात्र हवं होतं. सातांत चार वेळा एकच निघालं. आठवं मी घेऊन दिलं नाही. रिक्षात ती काही बोलली नाही, फक्त चार सारख्या बाहुल्या मांडीवर ओळीने लावत बसली.

साचेकरदादा, एवढंच सांगायचं होतं.

---

भोसरीचा_साचेकर | मंगळवार, रात्री ११:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबा, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही.

एक गोष्ट मी पहिल्या पोस्टमध्ये टाळली होती, ती आता सांगतो. 'दगडी' आवृत्ती कुठून आली ते.

माझा साचा पोलादी नाही. ३०० नगांसाठी तो परवडत नाही. मी मूळ मूर्ती घडवतो, तिच्यावर सिलिकॉन ओततो आणि त्या रबरी साच्यात पॉलियुरेथेन रेझिन ओततो, म्हणजे हार्डनर मिसळला की घट्ट होणारं पातळ प्लास्टिक. जुलैत पहिली खेप धरली, फक्त धडांची. चार दिवस पावसाची झड होती, पोटमाळ्याच्या भिंतीला हात लावला तरी ओला लागायचा. रेझिनचा हार्डनरचा डबा मी आदल्या रात्री घट्ट लावला नव्हता. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याला दमट हवा लागली की पाण्याशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो. ओतताना काही कळत नाही. वीस मिनिटांनी साचा उघडला तर धडाच्या पाठीला ब्रेडसारखी जाळी. घोंगडीच्या घडीत मोहरीएवढी भोकं. नखाने दाबलं तर कडा मोडली. मला वाटलं तो एखादाच साचा असेल, म्हणून पुढचे ओतत गेलो. ४० धडं गेली.

भागीदार म्हणाला, फेकू नको, करडा रंग मार, वाड्याच्या पडक्या भिंतीसारखा दिसेल, 'दगडी आवृत्ती, फक्त ४०'. दिसतोही तसा. इतका चांगला दिसतो की मीच दोन दिवस त्या कल्पनेच्या प्रेमात होतो. ती ४० धडं शेल्फवर उभी आहेत, रोज समोर येतात.

---

रंगपेटी | बुधवार, सकाळी १०:१०

मी गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते, डोळ्यांची आखणी माझ्याकडे असते. हंगाम नसला की फिगर रंगवते. तेव्हा ह्यावर बोलण्याचा मला थोडा हक्क आहे.

ती ४० धडं विकू नका. बुडबुड्याची जाळी वर दिसते तेवढीच नसते, आतही असते. हात जिथे खांद्यात बसतो तिथे भोक असेल तर दोन उन्हाळ्यांत सांधा मोडेल. रंग मारल्यावर भोकात अडकलेली हवा ऊन लागलं की बाहेर येते आणि रंगाला फोड येतो. मूर्तीला भेग असली तर आम्ही बुजवतो, पण मग ती भक्कम असल्याची खात्री करतो. भेगेवर सोनेरी पट्टा ओढून दुप्पट भाव लावला तर गिऱ्हाईक पुढच्या वर्षी दारात येत नाही.

दुसरं, तुमच्या भागीदारांना वाटतं रंग बदलणं फुकट आहे. तसं नाही हो. कारखान्यात फवाऱ्यासाठी प्रत्येक रंगाचा वेगळा धातूचा मास्क लागतो. डोळे-भुवया पॅड प्रिंटिंगने होतात, तिथे प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट कोरावी लागते. प्लेटवरची शाई मऊ सिलिकॉनचा गोळा उचलतो आणि चेहऱ्यावर टेकवतो. रंग वाढला की प्लेट वाढली, सुकवायचा वेळ वाढला. तुमचं काम तर हाताचं. सोनेरी म्हणजे सगळ्यात खडतर. खाली चकचकीत काळा अस्तर, तो आरशासारखा घासायचा, मगच वर सोनेरी. एरवी मातकट रंगात लपून जाणारी साच्याची जोडरेघ सोनेरीत ओरडून दिसते. वीस सोनेरी करायला तुम्हाला साठ साध्यांचे श्रम पडतील.

आता मला सांगा, तुमचा राखणदार रात्री काय असतो? फक्त निळा होतो?

---

भोसरीचा_साचेकर | बुधवार, दुपारी १:४५

ताई, रात्री तो जिवंत नसतो. मालिकेत ते बऱ्याच उशिरा कळतं. दिवसा जो वाटसरूंना रस्ता सांगतो, तोच रात्री कंदील घेऊन फिरतो आणि पहिल्या भागातल्या लोकांना तो सांगितलेल्या वाटेवर पुन्हा भेटतो.

---

किल्लेकरी | बुधवार, दुपारी १:५२

मग त्याचे पाय उलटे हवेत!

---

रंगपेटी | बुधवार, दुपारी २:००

हेच लिहायला बसले होते. आजी सांगायची, भूत ओळखायचं तर तोंडाकडे बघू नका, पायांकडे बघा. धोतराखाली टाचा पुढे आल्या की निळा रंग मारायचीसुद्धा गरज नाही.

---

जुनाखेळ | बुधवार, रात्री ८:३०

वा! ह्याला म्हणतात आवृत्ती.

मुळात मेगो कंपनीने सत्तरच्या दशकात हेच केलं होतं. आठ इंची शरीरं ठरावीक, डोकी आणि कपडे वेगळे, १९७४ च्या त्यांच्या स्टार ट्रेक फिगरपर्यंत तीच पद्धत. एकच भाग बदलायचा, पण तो असा की पात्र ओळखू यावं. ड्रॅगन बॉलमध्ये गोकूचे काळे केस उभे राहून सोनेरी होतात, तिथे डोक्याचा साचा बदलतोच, आणि तो का बदलला हे सात वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. पॉवर रेंजर्समध्ये तर पाच रंगांचे पाच पोशाख मालिकेच्या गाभ्यातच आहेत. तिथे रंग बदलणं म्हणजेच माणूस बदलणं.

दगडीबद्दलही बोलायचंय. चुकीच्या फिगर पुढे लोकांना आवडतात हे खरं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस डॅपॉल नावाच्या ब्रिटिश कंपनीने डॉक्टर हू ह्या तिकडच्या विज्ञानमालिकेच्या फिगर काढल्या. टार्डिस ह्या डॉक्टरच्या यानातलं यंत्राचं टेबल षटकोनी, ह्यांनी पंचकोनी केलं. डॅव्हरॉस ह्या खलनायकाचा पडद्यावर एकच हात दिसतो, ह्यांनी दोन दिले. राखाडी के-९ हा यंत्रकुत्रा हिरवा निघाला. आज लोक त्या चुका हौसेने दाखवतात. पण त्या चुका डॅपॉलने चुका म्हणून केल्या, 'दोन हातांची विशेष आवृत्ती' म्हणून विकल्या नाहीत. माझ्या जी.आय. जो चा घसरलेला डोळाही कुणी मला जास्त पैसे घेऊन दिलेला नव्हता. साचेकर, तुम्हाला भोकं माहीत आहेत. आता ती लपवून विकली तर ती चूक राहत नाही.

---

कॅम्पातला_दुकानदार | बुधवार, रात्री ९:१५

उलटे पाय मला मान्य आहेत, उत्तम विकले जातील. पण नवा भाग म्हणजे नवा साचा, खर्च वाढणार. साचेकरांना ते परवडेल का?

---

भोसरीचा_साचेकर | बुधवार, रात्री ११:३०

ह्याच प्रश्नावर आज जेवणाच्या सुट्टीत कागद घेऊन बसलो, आणि सोळा वर्षं साच्यांत काढूनही जे दिसलं नव्हतं ते दिसलं.

माझ्या फिगरचे पाच भाग: डोकं, धड, कंदिलाचा हात, दुसरा हात, आणि कमरेखालचा भाग. सिलिकॉनच्या एका साच्यातून मला ३० चांगले नग मिळतात, पुढे बारीक जागी रबर फाटायला लागतं. म्हणजे ३०० नगांना प्रत्येक भागाचे १० साचे मला तसेही करावेच लागणार आहेत. आता समजा २०० दिवसाचे आणि १०० रात्रीचे काढले. सरळ पायांचे ७ साचे, उलट्या पायांचे ४. एकूण ११. दहाच्या जागी अकरा! एक साचा जास्त, आणि मूळ पाय नव्याने घडवायचे, ते माझ्या चार रात्री.

मोठ्या कंपनीचा साचा महाग आणि रंग स्वस्त, म्हणून ती रंग बदलते. माझं बरोब्बर उलट आहे. साचा स्वस्त, आणि महाग आहेत ते ताईंसारख्यांच्या हाताचे तास. मी त्यांचा हिशोब माझ्या पोटमाळ्यावर आणून लावत होतो. त्यांना रंग बदलायला जे कारण आहे ते मला लागूच नाही.

भागीदाराला तोच कागद दाखवला. तो आधी काही बोलला नाही. मग विचारलं, उलटे पाय खोक्याच्या खिडकीतून दिसतील ना?

---

कायदेकानू | गुरुवार, सकाळी ८:४०

उत्साह वाचून आनंद झाला. वकील म्हणून तीन गोष्टी सांगतो; अंतिम निर्णयाआधी कागदपत्रं घेऊन प्रत्यक्ष वकिलाला भेटाच.

करारात प्रत्येक आवृत्तीला वेगळी मान्यता लागते का ते बघा. बहुतेक परवान्यांत लागते. तुम्ही पायच बदलताय, म्हणजे मान्यता घेतलेली मूर्ती बदलली.

खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यासाठी बनवलेल्या वस्तूला आयएसआय चिन्ह सक्तीचं, चाचण्या आयएस ९८७३ ह्या भारतीय मानकाप्रमाणे. वस्तू फक्त मुलांसाठीच असली पाहिजे असं नाही, मुलांसाठी'ही' असली तरी ती त्यात येते. त्यामुळे खोक्यावर 'संग्राहकांसाठी' छापून तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. मांडणी, जाहिरात, दुकानातली जागा हे सगळं त्याच्याशी जुळलं पाहिजे.

तिसरी गोष्ट मूर्तिकारांना सहसा माहीत नसते. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १५. ज्या डिझाइनची डिझाइन कायद्याखाली नोंदणी होऊ शकते पण केलेली नाही, त्याच्या वस्तू औद्योगिक पद्धतीने पन्नासहून जास्त झाल्या की त्या डिझाइनमधला कॉपीराइट संपतो. तुमची मूर्ती ह्यात बसते की निव्वळ कलाकृती ठरते ह्यावर वाद होऊ शकतो, पण ३०० नग काढणाऱ्याने तो धोका घेऊ नये. डिझाइन नोंदणी दहा वर्षांची, पुढे पाच वर्षं वाढते. पण अर्ज आधी, फोटो नंतर. डिझाइन आधीच जाहीर झालं तर ते नवं राहत नाही. नोंदणी कुणाच्या नावाने करायची हे निर्मात्यांशी बोलून ठरवा, कारण पात्र त्यांचं आहे.

म्हणून इथेही फोटो टाकू नका, कितीही आग्रह झाला तरी.

---

ट्रेकवेडी | गुरुवार, सकाळी ९:०५

मी फोटो मागणारच होते. बरं झालं वेळेवर वाचलं.

साचेकर, १०० रात्रीचे म्हणताय. पण रात्रीचा राखणदार हाच मालिकेचा आत्मा असेल तर तो कमी का? माझी ताशा यारची तक्रार इथेही लागू आहे. आणि एकाच घरी दोन्ही हवे असतील तर?

---

भोसरीचा_साचेकर | रविवार, रात्री १०:२०

उशिरा लिहितोय. मधले दिवस पळापळीत गेले. वकिलांना भेटलो, निर्मात्यांकडेही जाऊन आलो.

आता ठरलंय ते असं: १५० दिवसाचे, १५० रात्रीचे. ट्रेकवेडीताईंचा मुद्दा बरोबर होता, कमी काढायला माझ्याकडे काहीच कारण नव्हतं. दोन्हींचे पाच-पाच साचे, एकूण दहाच झाले. अकरावाही वाचला. क्रमांक तळाशी कोरणार, १ ते १५०, दोन्हींना तेच. ज्याला जोडी हवी त्याला एकाच क्रमांकाची जोडी मिळेल, आधी मागितली तर. खोक्याला खिडकी. आत काय आहे ते बाहेरून दिसेल, पाय धरून. दोन्हींचा भाव एकच.

सोनेरी रद्द. भागीदाराने स्वतःहून यादीतून खोडला. लेकीच्या बाबांचा प्रतिसाद त्याला मोबाइलवर वाचायला दिला होता, तेवढं पुरलं.

ती ४० धडं काल फोडली. दोन ठेवलीत, एक माझ्या शेल्फवर आणि एक नवीन येणाऱ्या पोराला दाखवायला, की हार्डनरचा डबा लावला नाही तर काय होतं. आता पोटमाळ्यावर आर्द्रतामापक लावलाय आणि पावसाळा संपेपर्यंत ओतकाम बंद.

निर्मात्यांनी उलट्या पायांना मान्यता दिली. मी मातीचा कच्चा नमुना नेला होता. खोलीत पाच-सहा जण होते, मूर्ती हातोहात फिरली. चेहरा बघून सगळे छान म्हणाले. मग त्यांच्यातल्या एका वयस्क बाईंनी ती घेतली, चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, सरळ खाली धोतराच्या काठाकडे बघितलं, आणि मूर्ती टेबलावर जरा लांब ठेवली. म्हणाल्या, टाच अजून थोडी पुढे घ्या.

त्या टाचेवरच बसलोय आत्ता.

---

रंगपेटी | रविवार, रात्री १०:४१

दीडशे कंदील पेटलेले आहेत ना? मग काच पारदर्शक रेझिनची ओता आणि पिवळी शाई रेझिनमध्येच मिसळा, वरून रंगवू नका. वरून मारलेला पिवळा उजेडासारखा दिसत नाही. डोळ्यांसाठी माझे दसऱ्यानंतरचे तीन आठवडे राखून ठेवते. रात्रीच्या राखणदाराला बुबुळं द्यायची की नाहीत ते तेवढं कळवा.

---

लेकीचा_बाबा | सोमवार, सकाळी ६:५०

१७ क्रमांकाची जोडी आमची धरा. तिची वाढदिवसाची तारीख आहे. मुलीला दोन्ही खिडक्यांतून बघून घ्यायचंय, तर दुकानात कधी येतील ते इथेच सांगाल का?

---

कॅम्पातला_दुकानदार | सोमवार, सकाळी ११:१५

बाबा, माझ्याकडे मांडणार आहे, साचेकरांनी हो म्हटलं तर. चौदा वर्षांवरच्यांच्या फळीवर, म्हणजे वकीलसाहेबांची हरकत नको. तुम्ही मुलीला घेऊन या, मी खाली काढून दाखवेन.